खेळण्यातला कॅमेरा आणि बाईंचा फोटो

"फोटो ना? मी काढतो की," असं पट्टीसाहेब जेवणाच्या टेबलावर बोलून गेले. बोलून गेले हेच खरं. एरवी पट्टीसाहेब विचार करून बोलणारे गृहस्थ; पण समोर साडू बसलेले असले की त्यांची वाक्यं आधी बाहेर पडत आणि विचार मागाहून धापा टाकत येत.

विषय बाईंच्या फोटोचा होता. बाई म्हणजे पट्टीसाहेबांच्या पत्नी. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. शाळेच्या सभागृहात आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने टांगलेले होते. निरोपाच्या दिवशी त्या ओळीत बाईंचाही फोटो लागायचा होता. फोटो ज्याचा त्याने आणून द्यायचा, अशी तिथली पद्धत. नाही आणला तर कार्यालय नोकरीच्या कागदपत्रांतला फोटो मोठा करून लावत असे, आणि खरी भीती तीच होती. बाई नोकरीला लागल्या तेव्हा फोटोवाल्याने "हं" म्हणायच्या आधीच बटण दाबलं होतं. त्यामुळे त्या फोटोत बाईंचा एक डोळा उघडा, दुसरा अर्धा मिटलेला आणि तोंड काहीतरी विचारायच्या बेतात होतं. पोलिसांनी दारोदार दाखवून "ह्यांना कुठे पाहिलंत का?" असं विचारावं, असा तो फोटो होता.

"तो जर भिंतीवर लागला," बाई म्हणाल्या, "तर पुढची सगळी वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारत बसणार."

बाई कशाला घाबरत नसत. उलट, शाळेच्या तपासणीला येणारे अधिकारी त्यांना घाबरत आणि चहा अर्धा टाकून निघून जात. पण कॅमेरा समोर आला की बाईंचं काहीतरी व्हायचं. ओठ घट्ट मिटायचे, भुवया जवळ यायच्या आणि चेहरा चौकशी समितीच्या अध्यक्षासारखा दिसू लागायचा. घरात बाईंचा असा एकही फोटो नव्हता की जो त्यांना स्वतःला आवडला होता. हे त्या कधी कुणाला सांगत नसत. फोटोंचा अल्बम निघाला की त्यांना स्वयंपाकघरात काम आठवायचं, एवढंच.

"मी आहे ना!" असं साडू म्हणाले होते, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. साडू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे एक भला थोरला कॅमेरा होता. त्याची लेन्स पुढे इतकी लांब यायची की समोरचा माणूस नकळत हात वर करायचा. फोटो काढून झाला की साडू तो कॉम्प्युटरवर घेत आणि चेहऱ्यांवरून इस्त्री फिरवत. मागच्या समारंभात त्यांनी थोरल्या मावशींचा फोटो इतका गुळगुळीत करून दिला, की मावशी अजून विचारतात, ही मुलगी कुणाची?

"मला माझाच चेहरा हवाय," बाई म्हणाल्या. "आहे तसा. फक्त जरा बरा."

ह्यावर पट्टीसाहेब ते वाक्य बोलून गेले.

"कशाने काढणार?" साडूंनी विचारलं.

पट्टीसाहेबांनी कपाटाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी कपाटाकडे पाहिलं. कपाटावर एक निळा प्लास्टिकचा कॅमेरा होता. त्याचं बटण पिवळं होतं आणि पुढच्या बाजूला एक हसणारं बदक चिकटवलेलं होतं.

ह्या बदकाची हकीकत थोडक्यात अशी. भाचीच्या मुलीच्या वाढदिवसाला म्हणून पट्टीसाहेबांनी तो कॅमेरा खेळण्यांच्या दुकानातून घेतला होता. भाचीने दोन दिवसांनी परत आणून दिला. "मामा, ह्यात रोल घालावा लागतो म्हणे," ती म्हणाली. "रोल म्हणजे काय, हे आधी मलाच शिकायला लागेल." पट्टीसाहेबांचा स्वाभिमान दुखावला. दिलेली भेट परत आलेली त्यांना मुळीच खपत नसे. मग कॅमेरा खरा चालतो हे सिद्ध करायलाच त्यांनी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन रोल मागितला. स्टुडिओवाले हल्ली ओळखपत्रांचे फोटो काढत आणि कपांवर लोकांची तोंडं छापत. "रोल?" असं त्यांनी शाळेतल्या हरवलेल्या मित्राची चौकशी करावी तसं विचारलं, आणि बऱ्याच शोधाशोधीनंतर खणाच्या तळातून काही रोल काढून दिले.

पहिला रोल धुऊन झाला तेव्हा स्टुडिओवाल्यांनी सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून पाकीट पुढे केलं. आत एकच फोटो होता. तो कॉलनीतल्या कचरापेटीचा होता आणि कॅमेरा हातातून पडला तेव्हा आपला आपण निघाला होता.

"बाकीचे?"

"खराब होते हो साहेब. एकावर एक बसलेले. म्हटलं, बघून तुम्हाला उगाच त्रास."

त्या कॅमेऱ्यात एक गंमत होती. शहाणा कॅमेरा एक फोटो काढला की रोल पुढे सरकवल्याशिवाय दुसरा काढू देत नाही. बदकाचं असं काही म्हणणं नव्हतं. तुम्ही बटण दाबा, पुन्हा दाबा, कितीही दाबा. ते एकाच चौकोनात सगळी माणसं कोंबून घ्यायचं. स्टुडिओत टाकून दिलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या पट्टीसाहेबांनी हट्टाने परत मागवून छापून घेतल्या. आणि त्यांतल्या एका फोटोत त्यांच्या कार्यालयातले वरिष्ठ खुर्चीवर बसलेले होते आणि त्यांच्या डोक्यावर कॉलनीतली पाण्याची टाकी उभी होती. अख्खी. शिडीसकट.

पट्टीसाहेब त्या फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिले. ते सांडपाणी विभागात आरेखक होते. गटारांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. खिशात कायम छोटी पट्टी असायची, म्हणून तर कॉलनीने त्यांना हे नाव दिलं. त्यांच्या आयुष्यात एका रेषेवर दुसरी रेषा चढली की कुठेतरी पाणी उलटं वाहायचं आणि त्यांना लेखी खुलासा द्यावा लागायचा. इथे साहेबांच्या डोक्यावर टाकी चढली होती आणि काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. उलट साहेब जरा बरे दिसत होते.

तिथून पट्टीसाहेब कामातून गेले. त्यांनी लेन्सवर चॉकलेटचे रंगीत कागद लावून पाहिले. जुन्या चष्म्याची काच पुढे धरून पाहिली. रोल उलटा घालून पाहिला. एकदा कॅमेरा पंख्याला दोरीने बांधला आणि बटणावर रबरबँड अडकवून पंखा हळू सोडला. पंख्याला हळू म्हणजे काय हे माहीत नव्हतं. कॅमेरा खोलीभर फिरला, दोरी तुटली आणि तो फरशी पुसायच्या बादलीत जाऊन पडला. बाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. "बदकच ते," त्या म्हणाल्या, "पाण्यात जाणारच," आणि बादली घेऊन निघून गेल्या.

तर असा हा कॅमेरा. आणि ह्या कॅमेऱ्याने बाईंचा भिंतीवरचा फोटो काढायचा, असं आता चारचौघांत ठरलं होतं.

साडू जाताना जिन्यात म्हणाले, "काही अडलं तर सांगा. शेवटच्या दिवशीसुद्धा सांगा." पट्टीसाहेबांना त्या 'सुद्धा'ने फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कॉलनीत कुणाला कसं कळलं कोण जाणे. खालच्या काकूंनी कॅमेरा तांदळात पुरून ठेवायला सांगितलं. त्याचं पाणी शोषलं जातं म्हणे. तो ठेवला, तर रोलच्या कप्प्यात तांदूळ गेले. वरच्या मजल्यावरचे काका वीज विभागातून निवृत्त झालेले होते आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं: काळी चिकटपट्टी. त्यांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि कानाशी नेऊन हलवला. आत तांदूळ वाजले.

"गळतोय," काकांनी निदान केलं.

"पाणी?"

"पाणी नाही हो, उजेड. मागच्या फटीतून उजेड आत शिरतोय. म्हणून तुमच्या फोटोंवर ते पांढरे ओरखडे येतात. चिकटपट्टी मारू. एकदा मारली की संपलं."

"पण ते ओरखडे मला आवडतात," पट्टीसाहेब हळूच म्हणाले.

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू उघड्या तारेला हात लावणारा माणूसही एवढा मूर्ख नसतो. मग दोघांनी मिळून कॅमेऱ्याला चिकटपट्टी मारली. काका एक वेढा मारून थांबणाऱ्यांतले नव्हते. शेवटी बदकाची फक्त चोच बाहेर राहिली.

कार्यालयात तर वेगळीच भानगड झाली. पट्टीसाहेबांना बाईंच्या फोटोसाठी एक कल्पना सुचली होती. त्याची तालीम म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत नकाशाच्या पारदर्शक कागदातून टेबलाचा फोटो काढत होते. तेवढ्यात वरिष्ठ आले. त्यांनी चोच पाहिली. संध्याकाळच्या आत पट्टीसाहेबांच्या हाती कागद पडला: कार्यालयीन वेळेत खेळणे बाळगल्याबद्दल खुलासा सादर करावा. इतक्या वर्षांच्या निष्कलंक नोकरीत हा पहिला बट्टा! पट्टीसाहेबांनी रात्रीचं जेवण अर्धवट सोडलं आणि सुवाच्य अक्षरात खुलासा लिहिला, की सदर वस्तू खेळणे नसून छायाचित्रणाचे साधन आहे. उत्तर आलं: सदर वस्तू खेळणे नसल्याचा पुरावा जोडावा. पट्टीसाहेबांनी पुरावा म्हणून ह्याच कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो जोडला. घाईत जो हाताला लागला तो जोडला. वरिष्ठांनी त्यात स्वतःला ओळखलं, टाकीलाही ओळखलं, आणि पुढचा कागद आधीच्यांहून बराच लांब आला.

"तुम्हाला हे झेपत नसेल तर राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या साडूंना सांगते."

"झेपतंय," पट्टीसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरका आला. झोपण्यापूर्वी बाई आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा हसून पाहिलं, मग ओठ मिटून पाहिले आणि दिवा घालवला. पट्टीसाहेबांनी पांघरुणातून ते पाहिलं. आतापर्यंत हा मामला साडूंना दाखवून देण्याचा होता. हे वेगळंच होतं. बाई त्या शाळेला आपलं आयुष्य देऊन बसल्या होत्या, आणि तिथे मागे राहणारा चेहरा कसा असेल ह्याची त्यांना मनापासून काळजी वाटत होती.

पट्टीसाहेबांची कल्पना अशी होती. आधी वर्गातल्या रिकाम्या बाकांचा फोटो काढायचा, रोल सरकवायचा नाही, आणि त्याच चौकोनात बाईंचा काढायचा. म्हणजे बाईंच्या अंगाखांद्यावर त्यांची सगळी बाकं येतील. कागदावर त्यांनी त्याचा प्रमाणबद्ध नकाशासुद्धा काढला होता. त्यात बाईंचं नाक बरोबर दोन बाकांच्या मधल्या वाटेत येत होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते शाळेत गेले, तर तिथे जत्रा भरलेली. वरचे काका चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन "लागली तर" म्हणून आले होते. साडू "सहज" आले होते. सहज येताना त्यांनी दोन दिवे, कॅमेऱ्याचं तिकाटणं आणि एक पांढरी छत्री आणली होती. आणि वर्गाच्या दारात शाळेचे हेडक्लार्क उभे होते. नियमभंग जिथे घडण्याची शक्यता असेल तिथे ते आधीच जाऊन उभे राहत.

"पार्श्वभूमी साधी हवी," हेडक्लार्क म्हणाले. "चेहरा समोर. दोन्ही कान दिसायला हवेत. दात दिसता कामा नयेत."

"दातांचं नियमात आहे?" पट्टीसाहेबांनी विचारलं.

"नियमात नाही. पण आजवर कुणाचे दिसलेले नाहीत."

आधी साडूंचा नंबर लागला, कारण त्यांचे दिवे लावून तयार होते. बाई खुर्चीवर बसल्या. लांब लेन्स पुढे आली. बाईंचे ओठ मिटले, भुवया जवळ आल्या आणि चौकशी समितीचं कामकाज सुरू झालं. साडूंनी खटाखट फोटो काढले, पडद्यावर पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "बाकी मी घरी करतो," ते म्हणाले.

मग पट्टीसाहेब पुढे आले. त्यांनी बाकांकडे तोंड करून बटण दाबलं, गर्रकन वळून बाईंकडे दाबलं, चाक फिरवून रोल सरकवला आणि पुन्हा बाकांकडे वळले. दोन-तीन फेऱ्या ठीक झाल्या. मग आपण बाकं काढली होती की बाई, हे त्यांच्या लक्षात राहीना. चाक फिरवलं की नाही तेही आठवेना. चिकटपट्टीचं टोक सुटून बाहीला चिकटलं. बाही सोडवताना मिशीला चिकटलं. "थांबा, मी मारतो," म्हणत काका पुढे धावले, तर ते बाईंच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आले आणि एका चौकोनात काकांची पाठ गेली. साडू छत्री मिटत मिटत हसू दाबत होते. हेडक्लार्क मात्र हसत नव्हते; ते कान मोजत होते.

पट्टीसाहेब वर्गभर भोवऱ्यासारखे फिरत होते आणि बाई मान इकडून तिकडे वळवून त्यांच्याकडे बघत होत्या. सबंध नोकरीत असला विद्यार्थी त्यांच्यापुढे आलेला नव्हता. शेवटी त्यांना राहवेना.

"एका जागी नीट उभं राहता येत नसेल," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तर वर्गाबाहेर जा!"

आणि पट्टीसाहेब गेले.

म्हणजे खरोखरच गेले. मान खाली घालून, कॅमेरा छातीशी धरून, मुकाट्याने दाराबाहेर. त्या आवाजापुढे दुसरं काही करताच येत नसे. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण विद्यार्थी नाही, नवरा आहोत. पण तोवर उशीर झाला होता. आता परत आत कसं जायचं? म्हणून त्यांनी खिडकीच्या गजांतून हळूच डोकावून पाहिलं. मिशीला चिकटपट्टी तशीच लोंबत होती.

बाईंनी खिडकीत ते तोंड पाहिलं आणि त्या हसल्या. साधंसुधं नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून, खुर्चीचा हात धरून हसल्या. हसता हसता त्यांचे केस सुटले. काका हसले, साडूही हसले. पट्टीसाहेबांनी कसाबसा गजांतून हात आत घातला आणि जसा होता तसा कॅमेरा धरून बटण दाबलं. बाकं, नाक, मधली वाट, कशाचंच भान त्यांना उरलेलं नव्हतं.

पुढचा घोळ स्टुडिओत झाला. काकांची चिकटपट्टी सुटेचना, त्यामुळे कॅमेरा उघडेना. स्टुडिओवाल्यांनी अंधाऱ्या खोलीत कात्री चालवली आणि चिकटपट्टीबरोबर रोलचाही तुकडा उडवला. उरलेल्यात नुसती बाकं आली होती, नुसती काकांची पाठ आली होती, आणि बरेच चौकोन कोरेच होते. हाती लागला एकच फोटो, शेवटचा.

"पण मी तो नीट करून दिलाय," स्टुडिओवाले अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी दुरुस्त केलेला फोटो पुढे ठेवला. त्यांनी मागची बाकं पुसली होती, दुसरा कान जोडला होता आणि बाईंचं तोंड बंद केलं होतं. हे आजवर एकाही अधिकाऱ्याला जमलेलं नव्हतं. "त्याचे वेगळे पैसे नकोत, साहेब. बाईंनी माझ्या मुलीला शिकवलंय."

"मुळातला कुठाय?"

मुळातला फोटो त्यांनी जरा संकोचानेच दिला. त्यात बाई हसत होत्या. दात दिसत होते, कान एकच होता, डोकं वरून थोडं कापलं गेलं होतं. अंगावरून बाकांच्या फिकट रांगा गेल्या होत्या आणि एक पांढरा ओरखडा खांद्यापासून खुर्चीपर्यंत उतरला होता. उजव्या खालच्या कोपऱ्यात गुलाबी, धूसर, चांगलं टपोरं असं पट्टीसाहेबांचं स्वतःचं बोट आलं होतं.

घरी जाताना पट्टीसाहेबांचा पाय उचलत नव्हता. साडूंचा फोटो सकाळीच येऊन पडला होता. तो स्वच्छ होता, मोठा होता, नियमात बसत होता. त्यातल्या बाई तरुण, गुळगुळीत आणि भयंकर रागावलेल्या दिसत होत्या. पण डोळे तरी दोन्ही उघडे होते. पट्टीसाहेबांनी टेबलावर तिन्ही फोटो ठेवले आणि साडूंचा सगळ्यांत वर ठेवला. ते करताना त्यांना किती यातना झाल्या हे त्यांचं त्यांना माहीत.

"हाच दे," ते म्हणाले. "मला नाही जमलं. उगाच तुझे दिवस घालवले मी."

बाईंनी वरचा फोटो पाहून बाजूला ठेवला. तोंड बंद केलेला पाहून तोही बाजूला ठेवला. तिसरा मात्र त्यांनी खिडकीपाशी नेला. उजेडात धरून त्यांनी तो नीट पाहिला.

"मी अशी हसते?" त्यांनी विचारलं.

"अशीच हसतेस. रोज," पट्टीसाहेब म्हणाले. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

बाईंनी मान हलवली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. कुठल्या माणसाला माहीत असतं म्हणा! स्वतःचं हसू बघायला आपण समोर कधी असतो? पट्टीसाहेबांना अचानक वाटलं, की आपण एवढी वर्षं रोज बघत आलो ते हिला एकदाही दाखवलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं आणि तेवढंच बरंही वाटलं. मग दोघांनी चहा घेतला.

निरोपाच्या दिवशी सभागृहात सगळे जमले. हेडक्लार्क चौकटीत बसवलेला फोटो दोन्ही हातांनी धरून कार्यालयात उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, कान एक आहे. दात आहेत. पार्श्वभूमीवर बाकं आहेत. असा फोटो लावायला मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी लागेल. नव्या मुख्याध्यापिका उद्या रुजू होतील. तोवर कागदपत्रांतला फोटो..."

"आज मुख्याध्यापिका कोण आहे?" बाईंनी विचारलं.

हेडक्लार्क गोंधळले. "आज... आपणच."

"मग कागद आणा."

हेडक्लार्कांनी कागद आणला. बाईंनी आपल्या खुर्चीवर बसून शेवटची सही केली, खाली तारीख घातली आणि शिक्काही आपल्या हाताने मारला. हेडक्लार्कांनी सही नीट तपासली. सही बरोबर होती. आता त्यांचं काही म्हणणं नव्हतं. उलट रीतसर कागद हाती आल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं.

फोटो भिंतीवर लागला. ओळीतले सगळे मुख्याध्यापक ओठ मिटून समोर बघत होते आणि शेवटी बाई मान मागे टाकून हसत होत्या. जणू आधीच्या सगळ्यांबद्दल त्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं. साडू पुढे झाले, त्यांनी डोळे बारीक केले आणि "शार्प नाही" असं म्हणाले. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या धाकट्या बहिणीने त्यांना गप्प बसवलं. "ताई अगदी अशी हसायची," ती म्हणाली. "आम्ही लहान होतो तेव्हा." आणि तिने डोळे पुसले.

खुर्च्या हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या. हेडक्लार्क स्टुलावर चढून चौकट सरळ करत होते. त्यांनी वाकून फोटोचा कोपरा जवळून पाहिला, रुमालाने काच पुसली आणि पुन्हा पाहिला.

"बाई, हा कोपऱ्यात गुलाबी डाग कसला? काही केल्या निघत नाहीये."

"निघायचा नाही," बाई म्हणाल्या. "ते आमचे हे आहेत."

दारात पट्टीसाहेब उभे होते. त्यांनी ते बोट हळूच मुठीत लपवलं.